एका नळीचा फरक

रविवार, ११ जानेवारी. आठ किलो मटार सोलायचा आहे. जानेवारीत जबलपुरात मटाराचे ढीग लागतात आणि मी वर्षभराचा एकदाच सोलून फ्रीझरमध्ये टाकते. दाणे पातेल्यात, सालं घमेल्यात, किडके वेगळे. हाताला काम असलं की डोकं मोकळं राहतं, आणि आज डोक्याला एक गोष्ट ठरवायची आहे. उद्या सकाळी पुण्याला फोन करायचा की नाही?

पुण्यात आमचे सर राहतात, मुलाकडे. वय चौऱ्याहत्तर. मी इथल्या एका कॉलेजात बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन आहे आणि सर तिथे प्राध्यापक होते. सोळा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. गेल्या महिन्यात काकू गेल्या, म्हणजे सरांची बायको. त्यामुळे सरांच्या आयुष्यातली एक गोष्ट आता फक्त मला माहीत आहे, सरांना नाही. आपलं नऊ वर्षांचं काम चुकलं होतं, असं ते धरून बसले आहेत. ते चुकलं नव्हतं. का चुकल्यासारखं दिसलं, ते मला माहीत होतं, आणि काकूंना शब्द दिला होता म्हणून मी गप्प राहिले.

"सांगू नको," माझा नवरा म्हणतो. तो समोर बसून सोलतो आहे आणि दर चौथी शेंग तोंडात टाकतो आहे. "बायको जाऊन महिना नाही झाला त्या माणसाची. काहून उकरून राहिली आता?"

"तू मटार सोलून राहिला की खाऊन?" मी विचारलं. त्याने आणखी एक शेंग तोंडात टाकली. 

सरांचं काम आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आपल्या रक्तातली लाल पेशी साधारण चार महिने जगते. तिच्यात दुरुस्तीचं काही सामान नसतं. सर म्हणत, "डबा एकदाच भरून मिळतो हिला. संपला की संपला." म्हातारी होत जाते तशी ती जड आणि ताठर होते, आणि अंगात साखर जास्त असेल तर आणखी लवकर. रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवली की तरण्या पेशी वर राहतात आणि म्हाताऱ्या तळाला बसतात. सर वरच्यांना 'पोरं' म्हणत आणि तळाच्यांना 'पेन्शनर'. मग या पेन्शनरांना मिठाच्या पाण्यात टाकायचं. एका ओळीत बारा नळ्या, प्रत्येक पुढच्या नळीत मीठ थोडं कमी. मीठ कमी झालं की पेशीत पाणी शिरतं, ती फुगते, फुटते आणि पाणी लाल होतं. म्हातारी पेशी लवकर फुटते.

सरांचा प्रश्न एवढाच होता : डायबिटीसवर देतात ती मेटफॉर्मिनची गोळी साखर उतरवते ते ठीक, पण या म्हाताऱ्या पेशीला ती स्वतः काही आधार देते का? रक्ताचे दोन भाग करायचे, एकात औषध घालून ठेवायचं, दुसऱ्यात नाही, आणि कोण कितव्या नळीत फुटतं ते पाहायचं. औषधातले पेन्शनर एक नळी जास्त टिकत. दोन नाही, तीन नाही. एक. त्या एका नळीच्या फरकावर सर नऊ वर्षं जगले.

रक्त त्यांचं स्वतःचंच. सरांना डायबिटीस होता आणि ते गोळी घेत नव्हते. भात सोडला होता, पहाटे तासभर चालायचे, आणि डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी पुस्तकात खूण म्हणून घालायचे. "मी गोळी घेतली की माझं रक्त कामातून गेलं, दीदी," ते म्हणत. "साऱ्या जबलपुरात गोळी न घेणारा, दर सोमवारी रक्त देणारा डायबिटीसवाला दुसरा शोधून द्या, मी उद्यापासून घेतो." मी त्यांच्याहून बावीस वर्षांनी लहान, तरी दीदी. शिपायापासून डीनपर्यंत सगळ्या बायका त्यांना दीदीच होत्या. एका माणसाच्या रक्तावरून जगाबद्दल काही सिद्ध होत नाही, हेही ते स्वतःच सांगत. "पण सुरुवात कोणाच्या तरी दंडापासूनच होईल ना?"

सोमवारी सकाळी आठ वाजता मी त्यांचं रक्त काढायची. आयुष्यभर रक्तावर काम केलेल्या या माणसाला सुई बघवत नसे. दंड माझ्याकडे, तोंड भिंतीकडे, आणि मोठ्याने इटारसी लाइनीची स्टेशनं. वडील रेल्वेत होते त्यांचे. "मदनमहल, भेडाघाट, भिटोनी, विक्रमपूर..." श्रीधामपर्यंत माझं काम झालेलं असे. एकदा शीर सापडेना तर गाडी नरसिंगपूरच्या पुढे गेली, आणि ते घामाघूम होऊन म्हणाले, "दीदी, इटारसीला गाडी बदलावी लागते बरं का."

रक्त दिल्यावर नाश्ता. घमापूरच्या बाजूला एका टपरीवर आम्ही पोहे खायचो. सर पोह्यांवरची शेवसुद्धा काढून ठेवत. माझ्यासाठी मात्र खव्याची जलेबी मागवत आणि मी खाताना समोर बसून बघत.

"कशी आहे?"

"गोड आहे, सर."

"हे काही वर्णन नाही झालं. वैज्ञानिक दृष्टी ठेवा. कडेला कुरकुरीत आहे का? पाक आत गेला आहे की वरच राहिला?"

मी सांगायची. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मग म्हणायचे, "वा. आता ही तुमच्या रक्तात पुढचे चार महिने राहील." त्यांच्या डोक्यात लोकांचं रक्त चार महिने मागे चालायचं. मार्चमध्ये कोणी थकलेला दिसला की ते विचारत, "दिवाळीत काय खात होता तुम्ही?" लग्नात भेटलेल्या नवरीलासुद्धा त्यांनी सांगितलं होतं, की सासरी आलेलं तिचं रक्त उन्हाळ्यापर्यंत माहेरचंच राहणार आहे. ती रडायला लागली. सरांना कळेना, आपण तर चांगली बातमी दिली.

यंत्रात नळ्या ठेवताना समोरासमोरच्या दोन्ही नळ्यांचं वजन सारखं लागतं, नाही तर यंत्र थरथरतं. सरांना जगात सगळीकडेच ते वजन दिसे. शेअर ऑटोत बसले की आधी सगळ्यांवर नजर फिरवायची. "भैया, आप इधर आ जाइए. माताजी, आप उधर." लोक मुकाट्याने जागा बदलत, कारण सरांच्या अंगात पांढरा कोट असायचा आणि लोकांना वाटायचं, काही सरकारी नियम निघाला असेल. एक ऑटोवाला मात्र म्हणाला, "गुरुजी, गाड़ी आप ही चला लो, हम पीछे बैठ जाते हैं।" सरांनी त्याच्या वजनाचा अंदाज घेतला आणि गंभीरपणे नाही म्हणाले.

माझ्यावर ते एकदाच चिडले. मी बाजारातल्या मिठात आणि प्रयोगशाळेतल्या मिठात काय फरक पडतो असं म्हणाले होते. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक पुडी होती आणि वर लिहिलं होतं, 'घरच्या वरणासाठी. शुद्ध.' वरण नेहमीसारखंच झालं. त्यांना सांगितलं, फार फरक पडला. ही सरांशी मी बोललेली पहिली खोटी गोष्ट. दुसरी मोठी होती.

नवव्या वर्षी सरांच्या पायाच्या अंगठ्याला नवी चप्पल लागली. जखम भरेना. ते रोज पट्टीने मोजून लिहून ठेवत, जणू तो अंगठा दुसऱ्या कोणाचा होता. दोन महिन्यांनी सर्जन म्हणाले, असंच राहिलं तर बोट काढावं लागेल. सर कॉलेजात येऊन मला म्हणाले, "बोट गेलं तर काय, रक्त तर तेच राहतं."

मग हळूहळू जखम भरायला लागली. उपाशीपोटीची साखरही उतरली. सर खूष. चेरीतालला त्यांचं घर होतं आणि काकू तेव्हा रोज कारल्याची भाजी करत होत्या, कारलं नसेल तर मेथी. सरांनी श्रेय कारल्याला दिलं. डिपार्टमेंटमध्ये डबा उघडून सगळ्यांना चाखायला लावायचे. ऑफिसातल्या हेडक्लार्कने, बडे बाबूंनी, एक घास घेतला आणि म्हणाले, "सर, शुगर क्या, इससे तो आदमी ही उतर जाए।" सरांनी कारल्याचा रस काढून बारा नळ्यांतही घातला. पहिल्याच नळीत पोरं आणि पेन्शनर सगळे एकदम फुटले. सरांनी निष्कर्ष लिहिला : 'कारले पेशींस सोसत नाही. मला सोसते.'

पण त्याच सुमारास एका नळीचा फरक नाहीसा झाला. औषधातलं रक्त आणि बिनऔषधाचं रक्त एकाच नळीत फुटायला लागलं. एका सोमवारी, दुसऱ्या सोमवारी, दर सोमवारी. सरांनी आधी मिठावर संशय घेतला. माझ्याकडून द्रावण सात वेळा नवं करून घेतलं. मग यंत्र उघडून पाहिलं. शेवटी ते स्वतःकडे वळले. मला म्हणाले, "दीदी, कोणत्या नळीत औषध आहे ते मला सांगू नका. खुणा तुम्ही करा, मी नुसतं पाहतो." हे त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. पाहिलं, लिहिलं, मी खुणा उघडल्या. फरक नव्हता. 

त्या आठवड्यात चेरीतालला हळदीकुंकू होतं. मी पाणी प्यायला आत गेले. ओट्यावर छोटा खलबत्ता होता, त्यात पांढरी पूड, आणि शेजारी गोळ्यांची पट्टी. पट्टीवरचं नाव मी रोज प्रयोगशाळेतल्या औषधाच्या बाटलीवर वाचत होते. मागून काकू आल्या.

"पाहिलं ना तू? आता पाहिलंच आहे तर बस."

"काकू, हे सरांच्या भाजीत?"

"मग काय माझ्या वेणीत घालू? सकाळच्या भाजीत एक, रात्रीच्या भाजीत एक. कारल्यात कळत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलीच आहे, माझ्या मनची नाही."

"कधीपासून?"

"बोट कापायचं म्हणाले तेव्हापासून. मी काय करू सांग? समोर ठेवली तर चिठ्ठीसारखी पुस्तकात घालून ठेवतात. पाय तुमच्या त्या नळीत घालून जोडता येतो का?"

"पण काकू, त्यांचं काम... बिनऔषधाचं म्हणून जे रक्त घेतो, त्यात औषध आहे. दोन्ही नळ्या सारख्याच होऊन राहिल्या. ते स्वतःला चुकलेले समजतात."

काकू खाली बसल्या. चणीने लहान बाई, पण बसल्या की स्वयंपाकघर भरल्यासारखं वाटायचं. "तू सांगशील त्यांना?" असं त्यांनी विचारलं, आणि मी काही म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, "सांगितलं तर गोळी थांबवतील. आणि माझ्या हातचं पाणीही पिणार नाहीत. फसवलेलं चालत नाही त्यांना. माझ्या जिवात जीव आहे तोवर नको सांगू. नंतर तुझी मर्जी."

बाहेर बायका हसत होत्या. मी काकूंच्या हातावर हात ठेवला आणि हो म्हटलं. मला ते पटलंही होतं. गेलेला पाय परत येत नाही आणि प्रयोग पुन्हा करता येतो, असा माझा विचार होता. तो प्रयोग पुन्हा होणार नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

पुढच्या सोमवारी सरांनी दंड पुढे केला नाही. "राहू द्या, दीदी. इतकी वर्षं मला जे पाहायचं होतं तेच मी नळीत पाहत होतो. खुणा झाकूनही फरक सापडला नाही. म्हणजे फरक रक्तात नव्हता, माझ्या डोळ्यांत होता." त्यांनी बारा नळ्या स्वतः धुतल्या. धुणं माझं काम होतं. मी बेसिनपाशी उभी राहिले आणि बोलले नाही.

त्यानंतर दोन वर्षं ते आले, तास घेतले, गेले. सोमवारी आठ वाजता मी उगाच येऊन बसायची. टपरीवर एकटी एकदाच गेले. जलेबी मागवली, कशी होती ते सांगता येणार नाही.

निवृत्तीच्या कार्यक्रमात सर मुलांना म्हणाले, "स्वतःच्या डोळ्यांवर फार भरवसा ठेवू नका. मी ठेवला." लोकांना तो विनम्रपणा वाटला, टाळ्या झाल्या. मी शाल-श्रीफळाचं ताट धरून बाजूला उभी होते आणि काकू पहिल्या रांगेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग पदराकडे. तेव्हा सांगायला हवं होतं. जखम कधीच भरली होती. कारल्याची गरजही उरली नव्हती, कारण काम सोडल्यापासून सर उघडपणे गोळी घेत होते. "आता घ्यायला हरकत नाही," ते म्हणत, "माझं रक्त रिकामंच आहे." पायाचं कारण संपलं होतं. उरला होता फक्त माझा शब्द, आणि थोडी भीती, की सर मलाही त्या भाजीच्या फसवणुकीत धरतील.

सरांच्या नोंदींची रजिस्टरं रद्दीत निघाली होती तेव्हा मी ती उचलून स्टोअरच्या कपाटात ठेवली. कुलूप माझं आहे. एवढंच मी केलं.

पुण्याला गेल्यावर सर वर्षातून दोनदा फोन करत. कोणतं मीठ वापरता, यंत्र थरथरतं का, एवढंच विचारत. इकडे नवे लोक आले आहेत, हुशार आहेत, सगळं मशीन छापून देतं. माझं काम सोपं झालं. पण कोणी मला जे दिसतं त्याचं वर्णन करायला सांगत नाही. बावन्न वर्षांच्या बाईने असल्या गोष्टीसाठी झुरू नये, हे मला समजतं. समजून काही फरक पडत नाही.

नवरा म्हणतो, म्हाताऱ्या माणसाला आता बायकोची चांगली आठवणच राहू द्यावी. त्याचं चूक नाही. सांगितलं तर सरांना काम परत मिळेल, आणि बदल्यात काकूंबद्दल काय वाटेल ते मला माहीत नाही. नाही सांगितलं तर सर चुकलेला माणूस म्हणून मरतील. मटार संपला. साडेतीन किलो दाणे निघाले, नवऱ्याने खाल्लेले सोडून.

सोमवारी सकाळी साडेसातला फोन लावला. मुलाने उचलला, म्हणाला, बाबा फारसं बोलत नाहीत. मग सरांचा आवाज आला. मी सांत्वनाची दोन वाक्यं बोलले आणि थांबले नाही, कारण थांबले असते तर राहून गेलं असतं. खलबत्ता, पूड, हळदीकुंकू, शब्द, सगळं सांगितलं.

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"इतकी वर्षं तुम्हाला माहीत होतं."

"हो, सर."

"काहून नाही सांगितलं?"

"काकूंना शब्द दिला होता. आणि पाय जाऊन राहिला होता तुमचा."

 फोन कटला की काय म्हणून मी पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "किती मिलिग्रॅम?" मी सांगितलं. "दिवसातून किती वेळा? जेवणाबरोबर? एखादा दिवस चुकला असेल?" मी म्हटलं, काकू होत्या, चुकला नसणार. ते हुंकारले. "म्हणजे मीठ बरोबर होतं," ते म्हणाले, आणि जरा वेळाने, "डोळेही."

"हो, सर. डोळेही."

"मी तिला एकदा ताट सरकवून बोललो होतो. रोज काय हे कारलं म्हणून. तिनं काही म्हटलं नाही, दुसरी वाटी वाढली." मग त्यांनी लगेच विचारलं, "रजिस्टरं आहेत?"

"आहेत. कुलपात."

"कागद घ्या. शेवटच्या रजिस्टरात चिकटवायचा आहे." मी मटाराच्या पिशवीवर चिकटवायला काढलेल्या चिठ्ठ्या बाजूला सारून कोरा कागद घेतला. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. 'जखम झाल्यानंतर दोन महिन्यांपासून नमुना देणाऱ्यास मेटफॉर्मिन सुरू होते. देणाऱ्यास ते ठाऊक नव्हते. त्या आधीच्या नोंदी ग्राह्य धराव्यात. औषध देणारी व्यक्ती...' इथे ते अडले.

"पत्नी लिहू, सर?"

"पत्नी कोणाचीही असते. नाव लिहा. कुमुदिनी."

इतक्या वर्षांत मला ते नाव माहीत नव्हतं. मी लिहिलं आणि पूर्ण कागद त्यांना वाचून दाखवला. त्यांनी मला तो पुन्हा एकदा, सावकाश, वाचायला लावला.